बोटं सोलवटतात, इलेक्ट्रिक घेऊ का?

प्रश्न : मुलगी आठ महिने अकूस्टिक गिटार शिकतेय. एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबून लावायचा सूरसमूह) लागत नाही, बोटं सोलवटतात. इलेक्ट्रिक घेतली तर शिकलेलं वाया जाईल का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, काहीच वाया जात नाही. तारा सहाच, कॉर्डचे आकारही तेच. अकूस्टिकची पहिली तार साधारण ०.०१२ इंच जाडीची, इलेक्ट्रिकची ०.००९ किंवा ०.०१०, म्हणून बोटाला हलकी लागते. माझे विद्यार्थी तिच्यावर एफ पटकन लावतात आणि मग गोंधळतात, कारण न छेडलेल्या ताराही अ‍ॅम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरमधून) घोंघावतात. तळव्याची कड ब्रिजपाशी (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीपाशी) टेकवून त्या गप्प करायला वेगळं शिकावं लागतं.

पण आधी आहे ती गिटार तपासा. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जाड तारेखाली ३ मिलिमीटरहून जास्त फट असेल, तर दुकानातून अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, उतरवून घ्या. बिचारीची बोटं त्यानेच सोलवटत असतील. आणि नवी घेतलीत तरी जुनी विकू नका. रोज दहा मिनिटं तिच्यावर वाजवू दे.