नाव ऐकलेले नाही, म्हणून विद्यापीठ नाकारावे का?

प्रश्न : माझ्या मुलीला कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, सॅकव्हिल गावातील माउंट ॲलिसन विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. ‘हे नाव कुणी ऐकलेले नाही, टोरांटोलाच पाठवा,’ असे नातेवाईक म्हणतात. मुलीला तेथेच जायचे आहे. काय करावे? — एक पालक, सांगली

उत्तर : नाव आपल्या कानावर आले नाही, एवढ्यावरून विद्यापीठ जोखू नये. या संस्थेची स्थापना 1839 सालची. 1875 मध्ये तिने ग्रेस ॲनी लॉकहार्ट यांना विज्ञानाची पदवी दिली आणि ब्रिटिश साम्राज्यात अशी पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. आपल्या मुलीसाठी मात्र याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की येथील दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांपैकी बहुतेक सगळे पदवीचेच आहेत. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्यांचा पहिला हक्क असतो. जेथे ते फारसे नसतात, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीला सूक्ष्मदर्शकापुढे बसण्याची संधी अधिक सहज मिळते आणि पुढे शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांना तिचे काम जवळून ठाऊक असते. शिवाय गावाभोवती टँट्रामारची विस्तीर्ण पाणथळ जमीन आहे. विद्यापीठापासून चालत गेले, की पाणपक्ष्यांच्या उद्यानातील लाकडी पायवाट लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाणकणसात बदके दिसतात. जीवशास्त्र शिकणाऱ्याला दाराशीच असा परिसर मिळणे, हे मला फार मोलाचे वाटते.

पैशाचा हिशेब मात्र कठोरपणे मांडा. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला 24 तास काम करण्याची मुभा असली, तरी एवढ्या लहान गावात तेवढे काम मिळेलच असे नाही, म्हणून मिळकतीवर फी अवलंबून ठेवू नका. कॅनडात शिकण्याच्या परवान्यासाठी (स्टडी परमिट) अर्ज करताना सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वगळून 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. त्याशिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला या अर्जासोबत प्रांत सरकारचे पत्रही (प्रोव्हिन्शियल अटेस्टेशन लेटर) लागते.

एकटेपणाबद्दल मुलीशी मोकळेपणाने बोला. माँक्टन शहर सुमारे 50 किलोमीटरवर आहे, माँट्रियल-हॅलिफॅक्स रेल्वे आठवड्यातून तीनदाच थांबते आणि हिवाळ्यात दुपारी पाचच्या आतच अंधार पडतो. पहिल्या वर्षी तिला वसतिगृहातच राहू द्या. पैसे भरण्यापूर्वी उन्हाळी संशोधनात पदवीच्या विद्यार्थ्यांना कधीपासून घेतात, हे तिने स्वतः विभागातील प्राध्यापकांना पत्राने विचारावे.