ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर हा गेम घ्यावा का? खेळाडूंची मतं इतकी टोकाची का आहेत?

लढाई आवडत असेल तर डोळे झाकून घ्या. गोष्टीसाठी घेत असाल तर जरा थांबा.

२०१८ साली हा पाळीपाळीने लढायचा गेम आधी निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आला, पुढच्या वर्षी पीसीवर. नव्वदच्या दशकातल्या सुपर निन्टेन्डो कन्सोलच्या काळातली ठोकळेबाज पात्रं, पण भोवती उजेड-सावलीचा खेळ असा की गावात नुसतं फिरत राहावंसं वाटतं. खरी गंमत मात्र लढाईत. शत्रूच्या शेजारी ढालीवर आकडा असतो, समजा ४. त्याला जे शस्त्र किंवा जादू लागू पडते तिचा घाव बसला की आकडा एकाने उतरतो, शून्यावर आला की गडी गारद: त्याची पाळी जाते आणि मारही जास्त बसतो. दर पाळीला एक बूस्ट पॉइंट, म्हणजे हल्ल्याला जोर देणारा गुण, जमतो; फक्त तो उधळल्यावर लगेचच्या पाळीला नाही. तीन एकदम उधळले तर साध्या हल्ल्याचे चार घाव होतात, म्हणजे ती ४ची ढाल एका झटक्यात साफ! आत्ता उधळू की साठवू, यातच जीव अडकतो.

तक्रारी? आठ पात्रं, आठ कथा, आणि एकमेकांशी संबंध जवळजवळ नाहीच. त्यातली प्रिमरोझ बापाच्या खुनाचा सूड घेत असते तेव्हा चौघांच्या टोळीतले बाकीचे तिघे जणू चहाला गेलेले. त्यात पहिलं निवडलेलं पात्र त्याची कथा संपेपर्यंत टोळीतून काढता येत नाही. म्हणून सुरुवात सायरस या पात्रापासून करा, लढाई सुरू होताच तो शत्रूची एक कमजोरी आपोआप उघड करतो.

रोज तासभर खेळणाऱ्याला हा गेम जास्त मानवतो.