मास्ट पेशी ‘फुटतात’ की ‘रित्या होतात’?

मास्ट पेशी म्हणजे कातडीसारख्या ठिकाणी असणाऱ्या, अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. प्रश्न असा आला आहे : अ‍ॅलर्जीवरच्या लेखात ‘मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन (अ‍ॅलर्जीचा त्रास घडवणारं रसायन) बाहेर पडतं’ असं लिहावं का? आणि डीग्रॅन्युलेशनला, म्हणजे पेशीतल्या कणिकांमधला ऐवज बाहेर पडण्याला, ‘विकणन’ म्हटलं तर चालेल का?

‘फुटतात’ नको. गळू फुटतं, फुगा फुटतो. मागे उरतं ते फाटकं कातडं. मास्ट पेशी मात्र शाबूत राहते आणि पुढे पुन्हा भरतेही. तिच्या पृष्ठभागावर आयजीई नावाची, अ‍ॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडं बसलेली असतात. परागकणातलं एखादं प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम धरतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि आतल्या कणिका, म्हणजे रसायनांनी भरलेल्या इवल्या पिशव्या, काठाकडे सरकतात. कणिकेचं आवरण पेशीच्या आवरणाला चिकटून एकजीव होतं, तिथे तोंड उघडतं आणि हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज ही रसायनं बाहेर पडतात. कधी मागची कणिका पुढच्या कणिकेला जोडली जाते आणि तिच्याच वाटेने रिती होते. म्हणजे आवरणासकट कणिका बाहेर पडतच नाही, त्यामुळे ‘कणिका सोडते’ हेही तितकंसं बरोबर नाही. ‘रिती होते’ हे क्रियापद इथे चपखल बसतं.

‘विकणन’ वाचताना ‘विकणे’ आठवतं, आणि तिथेच वाचक अडखळतो. नाम हवंच असेल तर ‘कणिकास्राव’ घ्या. ‘स्राव’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

‘मास्ट’चं भाषांतर मात्र करू नका. हा शब्द जर्मन आहे. पॉल एर्लिख यांनी 1878 च्या प्रबंधात या पेशींना ‘मास्टझेलेन’ म्हटलं. मास्ट म्हणजे जनावर पोसण्यासाठी घातलेला चारा. रंग दिल्यावर कणांनी गच्च भरलेल्या दिसणाऱ्या या पेशी त्यांना खाऊन-पिऊन पुष्ट झालेल्या वाटल्या. जहाजाच्या डोलकाठीशी याचा संबंध नाही, आणि आपला ‘मस्त’ तर फारसीतून आलेला.

लेख घरोघरी वाचला जावा असं वाटत असेल, तर सुरुवात ‘अंगावर पित्त उठतं’ इथून करा. अंगावर उठलेल्या गांधींवर लोक आमसुलाचं पाणी लावतात, त्यांना ‘पित्त’ हा शब्द सांगावा लागत नाही. यकृतातल्या पित्ताशी याचा संबंध नाही, हे मात्र लगेच स्पष्ट करा. मी असं लिहीन : ‘कातडीतल्या मास्ट पेशींच्या कणिका रित्या होतात, हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी झिरपतं, आणि काही मिनिटांत गांधी उठतात.’