ओआरएस आणि झिंक देऊनही मुलीचे जुलाब थांबले नाहीत, तर सलाइन लावून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दीड वर्षाची आहे, परवापासून पाण्यासारखे जुलाब आणि अधूनमधून उलटी होतेय. डॉक्टरांनी तपासून फक्त ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबत नाहीत म्हणून घरातली मोठी माणसं म्हणतात, दुसऱ्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावा. मी जव्हार-मोखाडा भागात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. दर पावसाळ्यात हाच प्रश्न घरोघरी ऐकलाय.

आधी मुलीकडे नीट बघा, मग पुढचं वाचा. ती मलूल पडून आहे, हाक मारली तरी लक्ष देत नाही, डोळे खोल गेलेत, काही पीतच नाही किंवा दिलेलं सगळं उलटून टाकतेय, शीतून रक्त पडतंय, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, यातलं एक जरी असेल तर लगेच दवाखान्यात न्या. पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडा. ती पटकन जागेवर बसली पाहिजे. सावकाश बसत असेल तरी दाखवायला न्या, आणि दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर एक मिनिटही दवडू नका. मुलगी गिळू शकत असेल तर रस्त्यात चमच्याने ओआरएस चालूच ठेवा. पुष्कळ आज्या टाळू दाबून बघतात, पण दीड वर्षाला बहुतेक मुलांची टाळू भरलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

यातलं काहीच नसेल, मुलगी रडताना डोळ्यांत पाणी येत असेल, लघवी होत असेल, मधूनच खेळत असेल, तर सलाइनची गरज नाही. तुमच्या डॉक्टरांनी जे दिलं तेच योग्य औषध आहे.

जुलाब थांबवणं हे ओआरएसचं कामच नाही. लहान मुलांचे असे जुलाब बरेचदा विषाणूंमुळे होतात आणि ते पाच-सात दिवस आपला वेळ घेऊनच थांबतात. जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून शी किती वेळा झाली हे मोजत बसण्यापेक्षा गेलेलं पाणी भरून निघतंय का, ते बघायचं. आजारी आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही, पण ग्लुकोज आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात एकत्र आलं की दोन्ही मिळून आतड्याच्या आवरणातून आत जातात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. शीरेतून जे पाणी द्यायचं तेच तोंडावाटे देता येतं ते यामुळे.

घरातल्यांना पटत नसेल तर त्यांना 1971 ची गोष्ट सांगा. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पिशव्या बनवून घेतल्या, ते पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. आधी शंभरातली तीसएक माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. तेही कॉलऱ्यात, ज्यात तासाभरात माणूस पिळून निघतो! 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता पाजायचं कसं, कारण गडबड इथेच होते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं 200 मिलीसाठी. पाकिटावर लिहिलेलं वाचा आणि तेवढं पाणी मोजून घेऊन पूर्ण पाकीट एकदम ओता. मोठं पाकीट थोडं थोडं करून ग्लासात टाकणं हा सगळ्यात घातक प्रकार. अंदाज चुकून द्रावण दाट झालं तर जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ धोक्याच्या वर जातं. पातळ झालं तर उपयोग होत नाही. त्यात साखर, दूध, सरबत काही घालू नका, कालवल्यावर उकळू नका, आणि 24 तासांनी उरलेलं फेकून नवं करा.

प्रत्येक पातळ शीनंतर चहाचा अर्धा ते एक छोटा कप, म्हणजे 50 ते 100 मिली. वाटी-चमच्यानेच द्या, मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा. बाटलीने घटाघट दिलं की मूल उलटी करतं आणि घरात सगळे म्हणतात, "पचत नाही, बंद करा." उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. हे फार चिवट काम आहे, रात्री तर हात भरून येतो. घरातल्यांनी पाळी लावून घ्यावी, एकट्या आईवर टाकू नये. ज्यांना सलाइन लावावीशी वाटतेय त्यांच्याच हातात पहिली वाटी द्या.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून टाका आणि पुन्हा करा. हे पाकीट मिळेपर्यंतच, कारण यात पोटॅशियम नाही.

मेडिकलमधून आणताना डब्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते पाहा. फळांच्या चवीची, खोक्यातली गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून विकली गेली. त्यांत साखर कितीतरी जास्त असते, आणि जुलाबात जास्त साखर म्हणजे आणखी जुलाब. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं याविरुद्ध लढल्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. या बाईंचे उपकार आहेत आपल्यावर. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळणारी फुकटची पाकिटं उत्तम असतात, फुकट म्हणून कमी समजू नका.

झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, पूर्ण 14 दिवस. जुलाब थांबले की लोक गोळी थांबवतात. पण झिंकने हा आजार लवकर आटोपतो, आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यताही घटते. जुलाब बांधणारी मोठ्यांची गोळी मात्र तिला अजिबात देऊ नका. तिने आतडं सुस्तावतं, पोट फुगतं आणि घाण आतच राहते. अँटिबायोटिक लागतं ते शीतून रक्त पडत असेल किंवा कॉलरा असेल तेव्हा, आणि ते डॉक्टर ठरवतील.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, वर मुगाची मऊ खिचडी, तूप घातलेला गुरगुट्या भात, ताज्या दह्याचं ताक, केळं. थोडं थोडं पण वरचेवर. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, म्हणजे उतरलेलं वजन भरून येईल. दात येताहेत म्हणून जुलाब, असंही कोणीतरी म्हणालं असेलच. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात.

हे पुन्हा होऊ नये म्हणून पाणी उकळून प्या, माठातून ओगराळ्यानेच काढा, पेला बुडवू नका. बाळाची शी निरुपद्रवी समजून अंगणात टाकतात. तिच्यातही मोठ्यांच्या शीइतकेच जंतू असतात, ती संडासातच टाका आणि नंतर साबणाने हात धुवा. गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडते का, याची चौकशी ग्रामपंचायतीत बेधडक करा. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. पिशवी उघडी राहिली की पावडरीतलं क्लोरीन उडून जातं, त्यामुळे पावडर टाकूनही पाणी अशुद्ध राहू शकतं. आणि घरात आणखी लहान बाळ असेल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसचा डोस चुकवू नका. तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो.