नोकरी सोडून शिल्पकार व्हावं का? मातीनंतरच्या कामाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३१, ऑफिसची नोकरी, चार वर्षं संध्याकाळी मातीकाम, आतापर्यंत सात डोकी आणि एक बसलेली आकृती. कलाशाळेची पदवी नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ शिल्पकार व्हावं का, फार उशीर झालाय का आणि पदवीवाचून अडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं याच कामावर घर चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सोपे भाग. शिकवण्याची नोकरी हवी असेल तर पदवी लागते. पुतळा करून घेणारा माणूस मात्र पदवी विचारत नाही. तो आधीची कामं बघतो आणि हा माणूस काम पुरं करून देईल का, एवढंच जोखतो. प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रोदँला पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने तीनदा प्रवेश नाकारला होता. वयाचं म्हणाल तर ज्या पुतळ्यामुळे त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं, तो 'एज ऑफ ब्राँझ' १८७७ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा तो छत्तिशी ओलांडलेला होता. लुईझ बुर्जुआ या शिल्पकर्तीचं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं ते १९८२ मध्ये, तिच्या सत्तरीत. त्यामुळे एकतीसची काळजी सोडा. चाळिशीपर्यंत खांदे, मनगटं आणि पाठ शाबूत कशी राहतील, याची काळजी घ्या.

मला खरी अडचण दिसली ती तुमच्या एका वाक्यात. सात डोक्यांपैकी तीन मोडून माती परत वापरली आणि चार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चार वर्षांत एकही काम मातीच्या पुढे गेलेलं नाही. तुमचा हात चांगला आहे, फोटोंवरून कळतं. डोळ्याच्या वरच्या पापणीची जाडी तुम्ही दाखवली आहे, ती पुष्कळांना दहा वर्षांतही दिसत नाही. पण या व्यवसायाचे तीन हिस्से धरले तर माती हा त्यातला फक्त पहिला. पैसे मिळतात ते उरलेल्या दोन हिश्श्यांचे, आणि बुडतातही तिथेच.

म्हणून नोकरीचा राजीनामा बाजूला ठेवा आणि त्या चारपैकी एका डोक्याचा साचा काढा. सिलिकॉन नको. एकदाच वापरायचा, फोडून टाकायचा प्लास्टरचा साचा करा. मातीत पातळ पत्र्याच्या पट्ट्या उभ्या खोचा, म्हणजे साचा दोन भागांत सुटेल. प्लास्टरच्या पहिल्या थरात थोडा रंग घाला, वरचा जाड थर पांढरा ठेवा. साचा उघडून माती उकरून काढा, आतून साबणाचं पाणी लावा, भाग परत जुळवून बांधा आणि प्लास्टर ओता. मग छिन्नीने बाहेरचा साचा फोडत आत जायचं. रंगीत थर दिसू लागला की हात हलका करायचा, कारण त्याच्या खाली तुमचं काम आहे. पहिल्या खेपेला नाक किंवा कानाची पाळी जाईल, ती परत बसवता येते. या एका डोक्यात तुम्ही जे शिकाल ते मातीतली आणखी दहा डोकी शिकवणार नाहीत. कुठे खोल खाच ठेवली की साचा अडकतो, केसांचा कोणता पोत प्लास्टरमध्ये टिकतो, मातीत मऊ वाटणारा गाल पांढऱ्या प्लास्टरमध्ये किती सपाट दिसतो, हे सगळं तिथे कळतं. एक जपा: घट्ट होताना प्लास्टर तापतं, आणि जाड थरात ते साठ अंशांपर्यंतही जाऊ शकतं. हौसेने कुणाचा हात त्यात बुडवून साचा घेऊ नका.

दुसरं एखादं डोकं भाजून टेराकोटा करा. मागून कापून आतून पोकळ करायचं, भिंत सगळीकडे दोन-अडीच सेंटीमीटरच्या आसपास सारखी ठेवायची, आणि मग आठवडेच्या आठवडे सावकाश वाळवायचं. हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भट्टीत काम फुटतं, असं जो तो सांगतो. बहुतेक वेळा खरं कारण आत राहिलेला ओलावा असतो. त्याची वाफ होते आणि ती भिंत फोडते. वाळून भाजेपर्यंत माती साधारण दहा टक्के आक्रसते, म्हणजे तीस सेंटीमीटरचं डोकं सत्तावीसचं होऊन बाहेर येतं. हे आधी माहीत असेल तर तुम्ही मुळातच मोठं कराल.

आता ब्राँझ. नव्या माणसाचं बहुतेक नुकसान इथेच होतं, म्हणून इथे थांबून सांगतो. तुमच्या मातीच्या आकृतीचा साचा होतो, त्यात पाच-सहा मिलिमीटर जाडीची मेणाची प्रत निघते. तिला मेणाच्या नळ्या जोडतात, बाहेरून उष्णता सोसणारं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत अकराशे अंशांच्या वर तापलेला धातू ओततात. मोठी आकृती तुकड्यांत ओतून वेल्डिंगने जोडली जाते, जोड घासून मूळ पोत परत उठवला जातो आणि शेवटी रसायनं व आच देऊन रंग, म्हणजे पॅटिना, चढवला जातो. यातल्या प्रत्येक पायरीला वेगळा कारागीर, वेगळा वेळ आणि वेगळा खर्च असतो. मेणाची प्रत तयार झाली की फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, स्वतः जाऊन बसा. साच्याची शिवण, म्हणजे जोडाची उमटलेली रेघ, मेणात दहा मिनिटांत निघते. ती तशीच धातूत गेली तर तिला अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस तुमचं काम न ओळखणारा माणूस ग्राइंडर घेऊन घालवतो. माझ्या एका पुतळ्याच्या ओठांची कड अशीच घासली गेली. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, त्यामुळे दोष माझाच.

खर्चाचा अंदाज बांधायला एक हिशेब पाठ करून ठेवा. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि भरीव आकारमान आठपट. पुरुषभर उंचीच्या आकृतीचा पृष्ठभाग कपडे-चुण्या धरून दोन चौरस मीटरच्या पुढे जातो. दोनच धरले आणि जाडी पाच मिलिमीटर धरली, तरी धातू भरतो ०.०१ घनमीटर. ब्राँझचं घनमीटर सुमारे ८,८०० किलोचं, म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलो. नळ्यांतला आणि वाया जाणारा धातू धरून ओतायला लागणारा धातू त्याहून बराच जास्त. "दीडपट उंच करा हो, फार फरक नाही" असं गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा पृष्ठभाग सव्वादोन पट होतो, धातू जवळपास दोनशे किलोवर जातो आणि बहुधा जाडीही वाढवावी लागते. आतला सांगाडा, पाया, क्रेन, वाहतूक हे सगळं त्याच्या मागोमाग वाढतं. माझं पहिलं मोठं काम मी मातीच्या मजुरीवर दर लावून घेतलं होतं. पुढच्या दीड वर्षात मी नोकरीत असतो त्याहून कमी कमावलं. आता मी आधी फाउंड्रीचा, वाहतुकीचा आणि उभारणीचा लेखी दर मागवतो, त्यावर अडीअडचणीची रक्कम धरतो आणि सगळ्यात शेवटी माझी मजुरी लिहितो.

लेखी करारावाचून मातीला हात लावू नका, हे मी कळवळून सांगतो. एका कामात हात उंचावलेली उभी आकृती होती. समितीतल्या दोघांनी येऊन माती बघितली, छान म्हणाले, आणि मी साच्याची तयारी सुरू केली. तिसरा सभासद नंतर आला आणि हात वीतभर खाली हवा म्हणाला. मातीतला हात म्हणजे आतला लोखंडी पाइप. खांद्यापर्यंत माती उतरवून पाइप कापला, नव्या कोनात वेल्ड केला, आणि खांदा बदलला म्हणून छाती, छाती बदलली म्हणून पाठ, असं करत निम्मी आकृती पुन्हा केली. सहा आठवडे गेले, त्यांचा एक पैसाही मिळाला नाही, कारण मंजुरीचा कागदच नव्हता. तेव्हापासून माझ्या करारात तीन टप्पे असतात: छोट्या नमुन्याला सही, पूर्ण आकारातल्या मातीला सही, उभारणीनंतर सही. प्रत्येक सहीला रकमेचा एक भाग जोडलेला. मातीवर सही झाल्यानंतर बदल हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. सही कोण करणार त्या एका माणसाचं नाव आधीच लिहून घ्यायचं. समिती सही करत नाही, माणूस करतो.

सार्वजनिक कामाला वेळही भरवशाचा नसतो. 'बर्गर्स ऑफ कॅले' या पुतळ्यांच्या समूहाचं काम रोदँकडे १८८० च्या दशकाच्या मध्यावर आलं आणि अनावरण झालं १८९५ मध्ये. त्याने केलेला बाल्झाक या कादंबरीकाराचा पुतळा तर ज्या साहित्यिक संस्थेने मागवला होता तिनेच १८९८ मध्ये नाकारला, आणि तो ब्राँझमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला १९३९ मध्ये, रोदँ जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. अशा एका कामाच्या भरवशावर घर चालत नाही.

मग घर चालतं कशावर? बहुतेक शिल्पकारांचं दुसऱ्यांच्या कामावर, निदान पहिली काही वर्षं. रोदँ १८६४ पासून कारिए-बेलूझच्या कार्यशाळेत सजावटीच्या मूर्ती घडवत होता, त्यावर नाव मालकाचं. मी स्वतः तीन वर्षं फाउंड्रीत मेण दुरुस्त केलं आणि त्यानंतर एका ज्येष्ठ शिल्पकाराकडे छोटे नमुने मोठे करायला होतो. तो काळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. दुसऱ्याच्या आकृतीचा सांगाडा बांधताना वजन कुठून कसं जातं ते हाताला कळतं. पदकं आणि नाण्यांचं उठावकाम, संग्रहालयांची प्रतिरूपं, जुन्या मूर्तींची दुरुस्ती, सिनेमा-नाटकांची सामग्री, कृत्रिम अवयवांसाठी नाक-कान घडवणं, या सगळ्याला मॉडेलिंग येणारा हात लागतो. संगणकावरचं शिल्पकामही शिका. आता छोटा नमुना स्कॅन करून फोममध्ये मोठा कापून घेता येतो आणि त्यावर मातीचा पातळ थर चढवून शेवटचं काम हाताने करता येतं. त्याने महिने वाचतात. फक्त तो मातीचा थर वगळू नका. नुसता मोठा केलेला नमुना मोठा केलेलाच दिसतो. पंधरा सेंटीमीटरवर शोभलेली चूण तीन मीटरवर दोरखंडासारखी दिसते.

साहित्याच्या मोठेपणाला भुलू नका, हेही सांगायला हवं. ब्राँझ किंवा संगमरवर परवडेपर्यंत थांबलेले हुशार लोक मी पाहिले आहेत, ते अजून थांबलेलेच आहेत. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात 'संथाल कुटुंब' केलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खडीत. त्या खडबडीत पृष्ठभागावाचून ते शिल्प आज डोळ्यांसमोर आणता येत नाही. तुम्हाला आज जे परवडतं त्यात पूर्ण आकाराचं काम करा. दगडाकडे वळलात तर मात्र धुळीला घाबरून राहा. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मातली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती परत निघत नाही. पाणी सोडून कापा, चांगला मास्क वापरा, आणि कामाचे कपडे घरात नेऊ नका. फायबरकाम करणार असाल तर रेझिनच्या वाफेसाठी वेगळा, रसायनांचा मास्क लागतो. धुळीचा मास्क तिथे उपयोगाचा नाही. कठिणक, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, टाकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रतींबद्दल थोडक्यात. एकाच साच्यातून किती प्रती काढणार ते पहिली विकण्याआधी ठरवा आणि प्रत्येकीवर क्रमांक कोरा. फ्रान्समध्ये ब्राँझच्या मूळ प्रती बारापर्यंतच मानल्या जातात, आठ विक्रीच्या आणि चार कलाकाराच्या. तुमच्याकडे असं बंधन नसलं तरी हाच आकडा धरा. साचा कुणाच्या ताब्यात राहणार, हे फाउंड्रीकडूनही लेखी घ्या.

आता नोकरीचं. आज सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ष-दीड वर्ष घ्या. तेवढ्यात दोन डोकी आणि ती बसलेली आकृती मातीतून बाहेर काढून टिकाऊ साहित्यात पुरी करा. तळमजल्यावर, पाणी असलेली आणि रुंद दाराची जागा शोधा, भागीत मिळाली तरी चालेल. पैसे देणाऱ्या माणसासाठी किमान दोन कामं करा, लहान का असेनात, पण करारासह आणि ठरल्या तारखेला. हे झालं आणि तरीही सकाळी ऑफिसऐवजी त्या जागेकडे पाय वळत असतील, तर आठ-दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून राजीनामा द्या. मी तुम्हाला अडवणार नाही, उलट मदत करीन.

तोवर एक करा. तुम्ही टाकलेले सगळे फोटो समोरून आणि थोडेसे तिरके आहेत, मागचा एकही नाही. रोदँ मॉडेल आणि माती दोन्ही थोडी थोडी फिरवून प्रत्येक बाजूची बाह्यरेषा जुळवत काम करायचा. तुमचं चौथं डोकं, दाढीवाल्या म्हाताऱ्याचं, फिरत्या पाटावर ठेवा. एकाच बाजूने प्रकाश घ्या, पाट आठवा हिस्सा फिरवत आठ फोटो काढा, आणि कॅमेऱ्याची उंची म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा. मला शंका आहे की कवटीचा मागचा भाग कमी पडलाय आणि म्हणून मान पुढे आल्यासारखी वाटते. ते आठ फोटो टाका, मग साचा काढण्याआधी काय भरायचं ते बघू.