रॅपिड सिटीला येताय तर...

ताई, नवऱ्याला इथे अमेरिकेत, साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीये, मुलगा चौथीत आहे, यावं का, असं विचारलंत. व्हिसा, घरभाडं यांची माहिती कुठेही मिळेल. लसीकरणाचं कार्ड मात्र निघण्याआधी इंग्रजीत करून, सही-शिक्क्यासकट आणा. आमच्या मुलीचं मराठीत होतं. त्यापायी ती तीन आठवडे घरी बसली आणि दोन लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागल्या. एकटेपणाचं म्हणाल तर पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

मला सांगायचंय ते वेगळंच. चार अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, माउंट रशमोर, इथून जवळ. मुलीला चौथीत त्यावरच प्रकल्प मिळाला. शिल्पकार गट्झन बोर्ग्लम, १९२७ ते १९४१ काम, जवळपास ४०० कामगार, ६० फुटी चेहरे, हे सगळं तिने लिहिलंच. पण पाहायला गेलो तेव्हा तिची नजर चेहऱ्यांखालच्या राडारोड्यावर खिळली. सुरुंगांनी उडवलेला दगड अजून तसाच उतारावर पडलाय. "बाबा, हा उचलला का नाही?" एवढंच विचारलं तिने.

मग स्वतः शोधून तिने आणखी एक पान लिहिलं. इथले मूळ रहिवासी लाकोटा लोक या डोंगराला 'सहा आजोबा' म्हणतात. हा डोंगर ज्या रांगेत आहे ते ब्लॅक हिल्स त्यांचेच राहतील, असा करार अमेरिकन सरकारने १८६८ साली केला. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ साली डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने १० कोटी डॉलरहून जास्त भरपाई कायम केली, पण लाकोटांनी ती घेतली नाही. त्यांना डोंगर परत हवेत. खाली तिने लिहिलं होतं, 'जेजुरीच्या गडाला कुणी सुरुंग लावला, तर माझी आजी पैसे घेईल का?'

विषय सोडून लिहिलंय म्हणत बाईंनी पान परत पाठवलं. मी शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. पण तेव्हा माझी व्हिसाची मुदतवाढ अडकली होती, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, असं वाटलं. मीच तिला ते पान काढायला लावलं. शेजारच्या बाकावर लाकोटा मुलगा बसायचा, त्याच्यासमोर तिला ते वाचायचं होतं, हे मला फार नंतर कळलं.

या, जरूर या. मुलाला हा प्रकल्प मिळाला तर मला फोन करा. ते पान मी पासपोर्टांच्या फायलीत जपून ठेवलंय. आता ती दहावीत आहे, अजून तिने ते मागितलेलं नाही.