‘असिस्टंट’ म्हणजे नुसती मदतनीस नव्हे

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी बारावीला आहे आणि तिने ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट व्हायचं मनावर घेतलंय. घरात मात्र ‘असिस्टंट म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली’ असा सूर आहे. तिला पेशंटवर खरोखर उपचार करता येतील, की नुसती उचल-ठेव? पुढेमागे स्वतःचं क्लिनिक काढता येईल का? – एक आई

उत्तर : ताई, उचल-ठेव करणारी माणसं वेगळी असतात. त्यांना तिथे ‘एड’ म्हणतात. ती साहित्य मांडतात, पेशंटला खुर्चीतून थेरपीच्या खोलीत आणतात. तुमची लेक उपचार करणार आहे. फक्त त्या उपचारांची आखणी तिची नसेल. हा फरक एका पेशंटवरून सांगते.

समजा, पक्षाघाताने एका आजोबांची डावी बाजू लुळी पडली आहे. पहिल्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून उपचार आखणारी ओटी, त्यांना तपासते. हात किती हलतो, बसल्यावर तोल राहतो का, आजारापूर्वी घरात काय काय स्वतः करत होते, हे सगळं बघून ती उद्दिष्ट लिहिते : इतक्या आठवड्यांत बसल्या जागी, कुणाचा हात न लागता शर्ट घालणं. त्यानंतर आजोबांसमोर रोज बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा असिस्टंट असते. लुळा हात बाहीत आधी, चांगला मागून; काढताना बरोबर उलट. ऐकायला दोन वाक्यं, पण हे अंगवळणी पडायला कित्येक दिवस जातात. आज बटणं अवघड जाताहेत तर मोठ्या बटणांचा शर्ट घ्यायचा, उद्या जमलं की पाठीचा आधार काढायचा. असे बदल तुमची लेक तिच्या अकलेने करणार, त्यासाठी कुणाला विचारत बसायची गरज नाही.

आता चौथ्या दिवशी तिच्या लक्षात येतं की आजोबा ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातलं काही खातच नाहीत. भूक आहे, डोळेही ठीक आहेत, पण मेंदूच्या लेखी डावी बाजू उरलेलीच नाही. हे पहिल्या तपासणीत निसटलं होतं. इथे तिने काय करायचं? जे दिसलं ते नोंदीत लिहायचं आणि त्याच दिवशी ओटीच्या कानावर घालायचं. ओटीने सांगितली आणि तिला ती चाचणी येत असली, तर ती चाचणीही तिने घ्यायची. पण तिचा अर्थ लावणं, नवं उद्दिष्ट घालणं, जुनं काढून टाकणं, उपचार थांबवून पेशंटला मोकळं करणं, हे सगळं ओटीच्या सहीचं काम. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा; त्याच्या पार्ट बी, म्हणजे दवाखान्यात येऊन-जाऊन घेतलेल्या उपचारांच्या भागाखाली तर दर दहा उपचार-दिवसांमागे निदान एकदा प्रगतीचा अहवाल ओटीनेच द्यावा लागतो. असिस्टंटच्या रोजच्या नोंदी त्याला आधार असतात, पण त्या अहवालाच्या जागी चालत नाहीत.

म्हणून ‘हाताखाली’ हा शब्द कायद्याच्या बाजूने खरा आणि कामाच्या बाजूने खोटा. माझ्याकडे येऊन गेलेल्या एका मुलीला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मॅनेजरने सांगितलं होतं, ‘ओटी आज येत नाहीये, नवा पेशंट तूच तपासून टाक, सही ती उद्या करेल.’ तिने नकार दिला. पुढचे पंधरा दिवस तिला टोमणे ऐकावे लागले, पण लायसन्स तिचं होतं, मॅनेजरचं नव्हे. काय चालतं आणि काय नाही हे राज्याचा कायदा ठरवतो आणि तो राज्यागणिक बदलतो. ओटीने किती वेळा देखरेख करायची, नोंदींवर तिची सही लागते का, शेक किंवा विजेची उपकरणं असिस्टंटने वापरायची का, सगळंच. लेकीला आपल्या राज्याच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाचे नियम आत्ताच वाचायला लावा.

क्लिनिकचं स्पष्ट सांगते : एकटीने पेशंट घ्यायचा, तपासायचा आणि उपचार सुरू करायचे, हे तिला करता येणार नाही. पैशाची एक बाजूही ठाऊक असू द्या. 2022 पासून पार्ट बी मध्ये असिस्टंटने दिलेल्या उपचारांना मेडिकेअर नेहमीच्या रकमेच्या 85 टक्केच देतं. याचा अर्थ तिचा पगार 15 टक्क्यांनी कापतात असा नाही, पण मालकाच्या हिशेबात ते येतंच.

मार्ग असा : साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी, त्यात किमान 16 आठवडे प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम, मग एनबीसीओटीची, म्हणजे या पेशाला प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, चार तासांची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. पास झालेल्यांना तिकडे ‘कोटा’ म्हणतात. (राजस्थानातल्या क्लासेसशी संबंध नाही, मामा-काकांना आधीच सांगून ठेवा.) ओटी व्हायला मात्र मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते. असिस्टंटवरून ओटीकडे नेणारे ब्रिज कोर्स आहेत, पण मोजके. नुसत्या अनुभवावर बढती मिळत नाही, कॉलेजात परत जावंच लागतं.

माझं मत विचाराल तर घरच्यांच्या ‘असिस्टंट’ शब्दाला फार किंमत देऊ नका. लेकीला एवढंच विचारा : ताटाची डावी बाजू तुला दिसली आणि निर्णय दुसरीने घेतला, तर रात्री झोप लागेल का? ‘हो, माणूस शर्ट घालायला लागला म्हणजे झालं’ म्हणाली, तर खुशाल पाठवा. ‘मग मीच का नाही ठरवायचं?’ म्हणाली, तर सरळ ओटीचा लांबचा रस्ता धरू दे. मध्येच वळणं वेळेला आणि खिशाला दोन्हीकडून महाग पडतं. उत्तर येत नसेल तर एक-दोन दिवस एखाद्या ओटीच्या आणि एखाद्या असिस्टंटच्या मागे नुसती बसू दे. परवानगी काढून बघायला मिळतं.

आणि फी भरण्याआधी त्या कोर्सला एसीओटीईची, म्हणजे हे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. ती नसेल तर एनबीसीओटीच्या परीक्षेला बसताच येत नाही.